हळदीचा डाग

दीनाबाई म्हणाल्या, वचन नुसतं वाचू नकोस,
आत जा.
आत म्हणजे कुठं?
म्हणाल्या, तेरावा अध्याय घे, डोळे मीट,
आणि बघ, तू कुठं उभी आहेस.

मी मिरजेची. मिशन दवाखान्याच्या
धोबीखान्यात एकवीस वर्षं.
यरुशलेम बघितलेलं नाही.
माडीवरची खोली म्हटलं की मला दिसते
सतारमेकर गल्लीतली एक माडी:
खाली तंबोऱ्यांचे भोपळे वाळत ठेवलेले,
जिना इतका उभा, की दोरी धरूनच चढायचं.
म्हणजे पेत्र, योहान, सगळेच
भोपळे चुकवत, दोरी धरत वर गेले.

पहिल्या रात्री मी जिन्यातच राहिले.
वर दिवा. भाकरीचा वास.
कुणीतरी मोठ्यानं हसलं
आणि शेजारच्या कुकरनं शिटी दिली.

विल्सन म्हणाला, हे मनाचे खेळ.
शास्त्रात कुठं आहेत भोपळे?
रात्रभर मलाही तेच टोचत राहिलं.
सकाळी दीनाबाईंकडं गेले. त्या मटार सोलत होत्या.
"खेळ तर खेळ," म्हणाल्या,
"पण खेळायला बोलावलंस कुणाला?"
आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

पुढच्या आठवड्यात उंबऱ्यापर्यंत पोचले.
तो जेवता जेवता उठला.
अंगावरचा झगा काढून खुंटीला लावला.
खांद्याशी शिवण उसवलेली
(एकवीस वर्षांची सवय, नजर तिथंच जाते).
गंगाळात पाणी ओतलं.
आणि इकडंतिकडं बघत राहिला.
शास्त्रात रुमाल लगेच मिळतो.
माझ्या माडीवर मिळेना.
मग ध्यानात आलं, तो माझ्याच हातात होता.
दवाखान्याचा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं वॉर्डाचा नंबर,
मधोमध हळदीचा डाग,
घासून घासून तांबडा झालेला.
मी तो पाठीमागं लपवला.

तिथं प्रार्थना तुटली.
चार दिवस नुसती पाठ असलेली म्हणून झोपले.

त्या चार दिवसांत यूनीकेला एक पत्र लिहिलं. फाडलं.
यूनीके माझी धाकटी बहीण, इस्लामपूरला असते.
आईच्या पाटल्यांवरून बोलणं बंद.
पत्रात मी माझीच बाजू धूत होते,
ओळीमागून ओळ,
साबणावर साबण.

पाचव्या रात्री परत चढले.
पाणी निवलं होतं. बाकीचे पेंगत होते.
तो उंबऱ्यावर येऊन बसला, माझ्या शेजारी,
आणि काय विचारावं त्यानं?
"हा डाग कसा काढतेस तू?"

मी म्हटलं, साबण लावायचा नाही, प्रभो,
साबणानं हळद लाल होते, चिडल्यासारखी.
ओला करायचा, पिळायचा,
आणि गच्चीवर उन्हात टाकून द्यायचा.
"मग?"
मग काही नाही. आपण दुसरं काम बघायचं.
ऊन काढतं.

तो "हं" म्हणाला.
शिकाऊ पोरं म्हणतात तसं,
नीट ध्यानात ठेवल्यासारखं.
आणि हात पुढं केला.
मी दिला रुमाल, होता तसा.

पाय धुवायचे राहिलेच.
माझ्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात,
त्या त्यानं बघितल्या असणार, दिवा जवळच होता.
पण तो गच्चीकडं बघत होता,
जिथं अजून ऊन यायचं होतं.
बराच वेळ. मीही काही मागितलं नाही.

मग सहज, जिना उतरणाऱ्या माणसानं
वेळ विचारावी तसं त्यानं विचारलं,
"इस्लामपूरची पहिली गाडी कधी?"

सव्वासहा, मी म्हटलं.

मला पाठ आहे.
अकरा वर्षं पाठ आहे.