म्हातारपाखाडीच्या नाक्यावर इस्त्री

सव्वासहाला प्रभुदेसाई सर येतात,
मागे आठ-दहा पोरंपोरी, खांद्याला बोर्ड लटकवून,
आणि माझ्या टेबलासमोर बसतात, नेमके गटाराच्या झाकणाशी,
कारण तिथूनच म्हणे गल्ली वळताना दिसते.
एकोणतीस वर्षं मी इथे उभा आहे.
गल्ली वळते हे ठाऊक होतं.
वळताना दिसते, हे नव्हतं.

सर म्हणतात, डोळे बारीक करा, हात चालवा, उजेड थांबत नाही.
पोरं दह्याच्या डब्यांत पाणी ढवळतात.
मिस्किटाबाईंचा जिना निळा आहे,
पण या घटकेला जांभळा.
एकीने तो सरळ काळा केला.
सर नुसतं "अं" म्हणाले.
मला पटलं तिचं.
त्याच जिन्यावरून मिस्किटासाहेबांना खाली आणलं आम्ही,
चौघांत मी डावीकडून दुसरा,
आणि वळणावर पेटी तिरकी करावी लागली होती.

मग पाहुणे. शनिवारी जास्त.
टोप्या, बाटल्या, गळ्यात नावांच्या चिठ्ठ्या.
त्यांना फिरवणारा मुलगा सांगतो, हे घर दीडशे वर्षांचं.
गणपतीच्या आधी ते सव्वाशेचं होतं.
पाहुणे वर बघतात, कठडे, कौलं, लाकडी नक्षी.
मी खाली बघतो, कॉलर, कफ, बटणाखालची चुणी.
वायरी कुणीच काढत नाही चित्रात,
मीटरच्या पेट्याही नाहीत,
दोरीवरचा गाऊन मात्र प्रत्येकाला हवा असतो.
परवा बाईंनी तो आत ओढला
तर तीन पोरी एकदम ओरडल्या, "आँटी, पाच मिनिटं!"
बाईंनी पुन्हा वाळत टाकला. कोरडा गाऊन.

"काका, जरा इस्त्री उघडता?"
शलाका नावाची ठेंगणी पोर, नाकाला पिवळा रंग.
उघडली. फुंकर मारली.
तिने लाल घेतला, त्यात पिवळा, मग बोटानेच काहीतरी कालवलं,
कागदावर लावलं आणि तोंड वाकडं केलं.
मी म्हणालो, "अगं, त्याला रंग नाही, धग आहे."
बोललो आणि लाजलो.
असलं बोलायची आपल्यात पद्धत नाही.
शर्ट पालथा घातला टेबलावर, उगाच.

सात वाजून चार मिनिटांनी खांबावरचा दिवा लागतो.
पूर्वीचा पिवळा होता, जरा विचार करून लागायचा.
हा पांढरा. फटकन.
जिना निळा, भिंत भिंतीसारखी,
गल्ली सगळी खळ घातल्यागत ताठ.
सर पेटी मिटतात, कुणावर तरी रागावल्यासारखे.

त्या दिवशी एका पाहुणीने शलाकाचं चित्र घेतलं,
ओलंच, सातशे रुपयांना, दोन्ही हातांत आडवं धरून.
जाताना मला दाखवलं.
एक उभा फटकारा. त्याच्या पोटाशी नारिंगी ठिपका.
"हा मी?"
"हो काका."
"आणि डोकं?"
"डोकं अंधारात गेलं."
पाहुणी हसली, मग मान हलवून काही म्हणाली,
बहुतेक चांगलंच असावं.
गेली गाडीत बसून मला घेऊन.
कुठल्या गावच्या भिंतीवर आता मी टांगलेला, देव जाणे,
तिथे थंडी असेल तर ठिपका उपयोगी पडेल.

ते गेले की झाकणावर रंगाचं पाणी उरतं, राखेच्या रंगाचं.
मी दोन कोळसे आणखी टाकतो.
उद्या रविवार. मिस्किटाबाईंचा झगा
प्रार्थनेला साडेसातच्या आत हवा.
झगा घेऊन दिव्याखालून जरा बाजूला होतो,
अंधारात धरतो, डोळे बारीक करतो.
इतकी वर्षं मी याला नुसता हिरवा म्हणत आलो.