एकशे बहात्तर पूर्णांक चार

ब्राझनं बोटीवरून उतरताना आणला हा डबा.
साबणाच्या वडीएवढा, काळा, बिनडोळ्यांचा.
कस्टमवाल्यानं विचारलं तर काय सांगायचं ते ठरेना
म्हणून हँबुर्गपासून मोज्यात गुंडाळून.
"तपासून बघ रे. चालत नसला तर
पुढच्या खेपेला त्या दुकानदाराच्या टाळक्यात घालतो."

डिचोलीत, खाण चालू होती तेव्हा
ज्या शेडमध्ये आम्ही टिपरांचे अ‍ॅक्सल खोलायचो
तिथं आता चुन्याची रेघ, दोरीनं मोजून दहा मीटर.
पलीकडे चिऱ्यांची भिंत, भिंतीपुढे रेतीची पेटी.
तांबडी धूळ अजून निघते, कितीही झाडा.

डबा नळीच्या बगलेला ठेवायचा, चार बोटं खाली,
नळी बघते तिकडेच त्याचं तोंड.
जरा तिरका झाला की रुसतो.
पहिल्या छऱ्याला काही बोलला नाही.
दुसऱ्यालाही नाही.
मग मी चापाला बोट लावायच्या आधीच
म्हणाला : नऊ.

नऊ मीटर, सेकंदाला.
शेडमधून काय गेलं नऊच्या वेगानं?
मांजर? मागं वळून पाहिलं, कोणी नाही.
फळदेसायांच्या तन्मयीनं मान वर केली
आणि उठून पंखा बंद केला.

माझी जुनी रीत वेगळी होती.
तंबाखूची पत्र्याची डबी, आत पुट्टी ठासलेली,
तंगुसाच्या दोऱ्यांवर टांगलेली.
छर्रा आत शिरला की डबी मागे झुलायची
आणि पोस्टकार्डावर पेन्सिलीची रेघ ओढायची.
साडेचार इंच.
इंचांवरून वेग कसा काढायचा
हे खाणीच्या इंजिनियरनं शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत,
भज्यांच्या तेलकट कागदावर.
तो कागद अजून आहे. वाचता येत नाही,
पण मला पाठ आहे.

पंखा बंद. घाम. डाव्या कानात कापूस.
एकशे बहात्तर पूर्णांक चार.
एकशे बहात्तर पूर्णांक एक.
एकशे एकाहत्तर पूर्णांक नऊ.
तन्मयी वहीत उतरवते, दशांश चिन्ह ठळक, गोल,
जणू तिथंही छर्राच लागलाय.
दहा छरे, फरक उणापुरा दीड मीटरचा.
शेवटी डबी टांगली. ती म्हणाली एकशे सत्तर.
म्हणजे म्हातारीही फारशी खोटं बोलत नव्हती.

"पास," तन्मयी म्हणाली.

कोण पास, ते मला जरा उशिरा कळलं.

गेलं वर्षभर माझे छरे डावीकडे खाली जातायत.
मी सांगत सुटलो होतो : वॉशर गेलाय.
वॉशर बदलला, दोनदा.
स्प्रिंग दमलीय. कोल्हापूरहून नवी मागवली.
छऱ्यांच्या डब्याचाच लॉट खराब.
म्हापशाच्या सामन्यात तर चारचौघांसमोर
हिच्या दस्त्यावर थाप मारून म्हणालो होतो,
"हिचं वय झालं."

आणि ही बिचारी, तेलाचा वास घेऊन,
दर वेळी एकशे बहात्तर.

तन्मयीनं वही मिटली. काही विचारलं नाही.
खडूचा तुकडा उचलून
फरशीवरच्या कुठल्यातरी जुन्या रेघेवरून परत रेघ ओढत बसली.
ती डबीतली पुट्टी सपाट करायला वळली तेव्हा
मी उजवा हात डब्यासमोर धरला.
नुसता. रिकामा. सामन्यात धरतो तसा, श्वास सोडून अर्धा.
बोटं हलत होती, मला दिसत होती हलताना,
पडद्यावर मात्र तीन आडव्या रेघा.
इतकं हळू त्याला ऐकू येत नसावं.

ब्राझचा फोन आला. मागे बोटीचा भोंगा.
"चालता मरे?"
"चालता," म्हटलं. "एकदम बरोबर आहे."
"मग आवाज असा का?"
"उकडतंय."

तन्मयीनं पंखा लावला.

नऊ, म्हणाला तो.