तिरप्या खिळ्यांचा खण

हॅलिफॅक्समध्ये सपाट असं काही नाही.
रस्ता एकतर चढतो, नाहीतर उतरतो;
दारात दुधाची बाटली ठेवायची
तरी आधी पायरीचा कल बघावा लागतो.
आमचा छापखाना अशाच एका उतारावर,
आणि खालून तिसऱ्या खणात हे खिळे:
जाड टाचांचे, तिरपे.

म्हातारा सग्डन म्हणायचा, हे हमालाचं वळण.
पायात नाल मारलेले बूट,
पाठीवर गोणी असावी तसं अंग पुढे.
नाजूक तिरपे खिळे वेगळे,
ते कानाशी येऊन बोलतात.
हे तिरपे होतात ते समोरून वारा आहे म्हणून.

माझी अक्षरं रेघेला लोंबकळत वाढली,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.
पायांवर उभं राहणारं अक्षर
पहिलं वर्षभर मला परकंच वाटलं.
मग एका थंडीत याच खणात हात घातला,
आणि टाचा बोटांना ओळखीच्या लागल्या.
का, ते सांगता येत नाही.

गालिच्यांच्या गोदामाचा शेवटचा सेल यांनी छापला,
कबुतरांच्या शर्यतीचं पत्रक,
एका हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात,
जिच्यात कुत्रा अजून पळतच होता.
पुस्तक कधी नाही. दुसऱ्या पानावर डोळे धापा टाकतात.
लग्नपत्रिका एकदाच; नवरीच्या आईनं परत पाठवली,
म्हणाली, ही कुस्तीच्या फडाची वाटते.

मार्चमध्ये नोरीन ॲक्रॉइड आली,
नवऱ्याच्या अंत्यविधीची कार्डं छापायला.
मी रिवाजाप्रमाणे नाजूक नमुने मांडले.
तिनं ते बाजूला सारले, भिंतीवरचा सेलचा कागद दाखवला.
"अठ्ठावीस वर्षं याच चढावर बस हाकली त्यानं.
लग्नाच्या फोटोतसुद्धा सरळ उभा नाही."

विल्फ. इंग्रजीत चार अक्षरं, शेवटी एफ.
एफचा वरचा आकडा स्वतःच्या अंगाबाहेर जातो,
शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतो.
खणात एफ सात. सहांचे आकडे तुटलेले.
सातवा घेतला, आणि लक्षात आलं,
याच्या पुढे कुणीच नाही.

शेजारी नसला की दाबाखाली तो मोडतो,
हे सग्डननं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
मी एक कोरा खिळा शोधला, जरा उंच,
कागदाला न लागणारा,
आणि एफच्या खांद्याला खांदा लावून बसवला.

साठ कार्डं निघाली. एफ शाबूत.
नोरीननं नावावरून अंगठा फिरवला,
अक्षर संपलं तरी अंगठा थोडा पुढे गेला.
मग तिनं पर्स उघडली.

कोऱ्या खिळ्याचे पैसे
बिलात लावत नाहीत.