रिकामा रकाना

माझं काम तसं कारकुनी:
संध्याकाळी ओकलंडच्या फुटपाथवर
ट्रकांच्या खिडक्यांतून आत डोकवायचं,
अर्ज पुढे करायचा आणि ओरडून ओरडून सांगायचं
की आता ओरडायची गरज उरणार नाही.

एर्मेलिंदाने तीनदा हाकललं मला.
चौथ्यांदा तिचे हात पिठात होते, म्हणून वाचलो.
मक्याच्या पुपुसा थापत होती, आत चीज, वाटलेला घेवडा,
या तळव्यावरून त्या तळव्यावर, टप टप,
म्हणजे टप टप होत असणार;
मला नुसते हात दिसत होते.
मागे दोरीने बांधलेला तो लाल जनरेटर
सगळे आवाज एकटाच गिळत होता.

किती? तिने बोटांनी विचारलं.
बोर्ड, केबल, विजेचा तवा:
निम्मे महापालिका देणार, बाकीचे अठरा हप्त्यांत.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने हिशेब मांडला,
रात्रीला पाच गॅलन, आठवड्याच्या सहा रात्री,
वर धुराने काळं पडणारं छत पुसायचा रविवार.
मग पेन्सिल थांबली.
"आणि वीज गेली तर?"
मी म्हणालो, हा प्रश्न अर्जात नाही.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मंगळवारी तेविता आला, टोंगा बेटांवरचा,
दारातून मावेना, म्हणून बाहेरूनच हात घालून
निम्मी वायरिंग त्याने चाचपत केली.
फुटपाथवर कमरेएवढा नवा खांब,
त्याच्या पोटात, झाकणाआड, सॉकेट.
"तवा आणि कॉफीचं यंत्र एकदम लावायचं नाही,"
हे त्याने तीनदा बजावलं.

सातला बटण दाबलं.
तवा निमूट तापला.
आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला ती
"काय हवंय?" असं काही गरजली
की तो बिचारा दोन पावलं मागे सरला.
रांग हसली. तिने पिठाचा हात ओठांवर ठेवला.

मग एकेक ऐकू यायला लागलं.
तेलाची चरचर.
कोबीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण.
पलीकडच्या लाँड्रीत गोल गोल आपटणारी कुणाची तरी बटणं.
रांगेत कुणी कुणाच्या कानाशी पुटपुटलं:
चव आहे, पण मीठ कमी असतं हिच्याकडे.
अकरा वर्षांत हे तिच्या कानावर आलं नव्हतं.
बोलली नाही काही. पुढच्या गोळ्यात
एक चिमूट जास्त पडली.

आणि मग रडणं.
पुढच्या सीटवर, शालीत गुंडाळलेला
नातू विल्मान, दहा महिन्यांचा,
जन्मल्यापासून त्या घरघरीत झोपलेला,
शांततेने दचकून उठला होता.
थोपटलं, हिंदोळलं, बाटली दिली. छे.
शेवटी ओठ मिटून, नाकातून, खालच्या पट्टीत
तिने जनरेटर सुरू केला.
घर्रर्र. हुबेहूब.
पेट्रोल सरत आल्यावर तो मध्येच खोकायचा,
तो खोकलासुद्धा.
रांगेत कुणी घड्याळ पाहिलं नाही.
तेविताने हात धुतले आणि एक पुपुसा थापून पाहिली,
ताटाएवढी झाली, उचलताना फाटली,
त्याची त्यानेच खाल्ली.

साडेनऊला कुणीतरी कॉफी मागितली.
बत्ती गुल.
काळोखात तेविताचा उसासा,
पाठोपाठ तिची एक स्पॅनिश शिवी,
काठापासून काठापर्यंत स्वच्छ ऐकू आली.
बाळ हललंही नाही.

खटका वर केला, तवा पुन्हा धरला.
मी खिडकीच्या फळीवर अर्ज पुरा करत होतो,
सही, तारीख, मीटरचा आकडा.
तळाशी एक रकाना आहे:
जुन्या यंत्राची विल्हेवाट कशी लावली?
मी मान वर केली, विचारणार होतो.
ती पाठमोरी, खांद्यावर पोर,
एका हाताने तवा खरवडत
अजून घरघरत होती.