फीडर

दीड किलोमीटरसुद्धा नाही.
सेमिनरी हिल्सच्या गेटवरचा चौकीदार म्हणतो,
सात वाजता शिट्टी वाजवीन, तेव्हा खाली या.
बाबा म्हणतात, वाजव, पण जोरानं वाजव,
माझा उजवा कान ट्रान्सफॉर्मरनं खाल्ला.
अन् चालू लागतात.

एप्रिल. सागाची पानं पायाखाली पापडासारखी फुटतात.
घाणेरीच्या जाळीत काहीतरी सरसरतं,
मी थांबते, ते नाही थांबत.
डॉक्टरांनी जिना सांगितला होता, दिवसातून एकदा, कठडा धरून.
टेकडीबद्दल काही बोलले नव्हते,
म्हणून टेकडी चालते.

काळ्या दगडावर कुणीतरी चुन्यानं बाण काढलाय.
बाण वर दाखवतो, वाट डावीकडे जाते.
पहिल्या वळणावर बाबांचा हात शर्टाच्या खिशाला लागतो,
जिथं टेस्टर असायचा.
आता तिथं जिभेखाली ठेवायची गोळी.
दुसऱ्या वळणावर म्हणतात,
"थकून नाही राहिलो, पाहून राहिलो."
पाहण्यासारखं तिथं एक वारूळ,
आणि कॉलेजातली दोघं, एकाच हेडफोनच्या दोन टोकांना,
आम्हाला बघून उगाच परीक्षेचं बोलू लागलेली.

मग झाडं सरतात.

नागपूर असं वरून मी कधी पाहिलं नव्हतं.
म्हणजे पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत,
पण तेव्हा माझं लक्ष डब्यात होतं.
काळ्या टाक्या, टाक्यांमागे टाक्या,
प्रत्येक खिडकीच्या पाठीवर कूलर,
फुटाळ्याचं पाणी घासायला टाकलेल्या परातीसारखं,
आणि उत्तरेला कोराडीच्या चिमण्या.
बाबा त्यांच्याकडे बघतात,
मामाच्या घराकडे बघावं तसे.

मी मोबाइल काढते, उंच इमारती मोजते.
ती नवी, बावीस मजल्यांची. ती हॉटेलची.
त्यांना इमारती दिसतच नाहीत.
"हा काटोल नाका फीडर.
तो गिट्टीखदान, पावसाळ्यात लय रडका.
अन् ती ओळ, मानकापूर."
मानकापूरवर आवाज अलगद खाली ठेवतात,
झोपलेलं पोर खाटेवर ठेवावं तसा.

हेडाऊकाका.
मी सातवीत होते. खांबाचा नंबर अजून पाठ आहे,
घरात आठवडाभर कुणी ना कुणी तो म्हणत होतं.
परमिट घेतलं होतं. लाइन बंद होती.
कुणाकडे तरी लग्न होतं,
त्यांनी जनरेटर लावला.

सूर्य वाडीच्या पलीकडे कुठंतरी उतरतो
आणि खाली सुरू होतं.
एक. मग चार. मग मोजणं सुटतं.
आधी रस्त्यांचे दिवे, रांगेत, शहाण्यासारखे,
मग स्वयंपाकघरं, जशी जमतील तशी.
मी म्हणते, किती सुंदर.
ते म्हणतात, "लोड वाढून राहिला."

तेवढ्यात गिट्टीखदानकडचा एक तुकडा विझतो.
भाकरीतून घास काढावा एवढाच.
मला तो दिसलाही नसता.
बाबा उभे राहतात. हात पुन्हा खिशाकडे.
ओठ हलतात, मिनिटं मोजतायत
की खांब, कळत नाही.
"कोणीतरी चढला असन," म्हणतात,
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"हातमोजे घालून चढला असन."

शिट्टी.
ती दोघं आमच्या पुढून पळत उतरतात.
पुन्हा शिट्टी.
बाबांना ऐकू येते, हे मला माहीत आहे,
डावा कान अजून धड आहे.
मी काही म्हणत नाही.
तिसऱ्या शिट्टीला ते वळतात,
तुकडा अजून काळाच.

उतार गुडघ्यांना लागतो.
झाडांमधून शहर दिसत नाही,
फक्त वर आभाळाला चिकटलेला पिवळट उजेड,
त्यातून काही ताडता येत नाही.

गेटबाहेर काकडीवाला, गाड्यावर बॅटरीचा एक बल्ब.
दहाची दोन. तिखट-मीठ लावून.
बाबा विचारतात,
"गिट्टीखदानले लाईट आली का, भाऊ?"
तो काकडी चिरता चिरता वर बघतो.
"मी हजारीपहाडचा, काका."

"बरं," बाबा म्हणतात.
आणि काकडी हातातच धरून
रस्त्याच्या कडेला, जिथून काही दिसत नाही,
तिकडं तोंड करून उभे राहतात.