पाइप उलटा

पंप तोच आहे.
निळा रंग उडालेला, हँडलला बांधलेली काथ्याची दोरी
तीही माझीच, सतरा वर्षांपूर्वीची.

तेव्हा मी खाणीतलं पाणी उपसून व्हाळात सोडायचो
तीन पाळ्यांत, रात्रंदिवस,
खालचं खनिज कोरडं राहावं म्हणून.
इकडे पाणी वीतभर उतरलं
की तिकडे वाड्यावरची विहीर एक पायरी खाली.
बायको कळशी घेऊन टँकरपाशी उभी,
टँकर कंपनीचा,
टँकरातलं पाणी मी उपसलेलं.
हे गणित मी घरी कधी मांडलं नाही.

मग खाण बंद पडली.
टिप्पर दारादारांत उभे राहिले, त्यांच्या हौद्यांत घेवडा उगवला.
खड्डा भरला हिरवागार.
पाहुणे म्हणाले, तळं छान आहे.
शेवंती गावडे म्हणाली, तळ्याला काठ असतो,
ह्याला कडा आहे.

कंपनीने आधी शिलाई मशिनं दिली. बारा.
बारा जणींनी एकमेकींची झंपरं शिवली,
मग कापड संपलं.
मग मेणबत्त्यांचं प्रशिक्षण, दोन दिवस, जेवणासकट.
डिचोलीहून फोटोवाला आला होता.

शेवटी सभेत तीच उठली, माईक बाजूला सारून :
साहेब, नवं काही शिकवू नका.
आम्हाला भात येतं.
कुणग्यांतला लाल गाळ काढा, गुडघाभर आहे.
खड्ड्यातलं पाणी परत द्या.
डिझेल तुमचं,
पाळी आम्ही ठरवणार,
आणि वही आमच्याकडे.

वहीपाशी साहेब अडले.
दोन पावसाळे अडले.

आता पाइप उलटा आहे.
पगार कंपनीचा, पंपघराची किल्ली शेवंतीच्या कमरेला.
कुणाचा कुणगा, किती तास, किती डिझेल,
ती लिहिते, मी अंगठ्याऐवजी सही करतो.
वायंगणाची रोपं लावताना
पोरं उलट्या पावली चालायला शिकली,
एक बसकलं चिखलात, सगळी हसली.

दर सोमवारी मी बाटली भरून खिडकीत ठेवतो.
संध्याकाळी तळाशी लाल बसतं.
पहिल्या वर्षी चार बोटं.
यंदा दीड.
ती म्हणते दोन. तिचं बोट बारीक आहे.
मोजायचं तिच्याच बोटाने, असं ठरलंय.

करार मार्चअखेर संपतो.
भात कापणीला येतं एप्रिलात.
हे तिने वहीत लिहून ठेवलंय,
साहेब जिथे सही करतात
त्या ओळीच्या बरोबर वर.