टोपलीएवढी हवा

नकाशावर कोलारिश मोहरीएवढं,
लिस्बनच्या डाव्या कुशीत, समुद्राला टेकलेलं.
वहीत मी आधीच लिहून आणलं होतं:
चेरी, देवदार, मीठ.
जीभ माझी, चव दुसऱ्यांची.

देओलिंडाबाईंनी ना पेला काढला ना बूच.
म्हणाल्या, बूट काढा.

वेली इथे उभ्या नाहीत.
वारा उभं राहूच देत नाही कुणाला.
वाळूवर पोट टेकून पसरल्यात
उन्हात झोपलेल्या कुत्र्यांसारख्या,
आणि घड भाजू नयेत म्हणून
फांदीखाली वेताची वीतभर काठी,
आजाऱ्याच्या मानेखाली हात घालावा तशी.

अख्ख्या युरोपातल्या वेली खाल्लेली कीड
या वाळूत चालू शकली नाही.
माणसं चालली.

मुळं कुठे आहेत, मी विचारलं.
खाली, चिकणमातीत. तीन पुरुष खोल.
त्यांनी पुरुष म्हटलं नव्हतं, मीटर म्हटलं होतं.
पण पुढची गोष्ट ऐकल्यावर
मला दुसरं माप वापरवेना.

चर खणायला उतरताना
वडील डोक्यावर टोपली पालथी घालत.
वाळू ढासळली, तर टोपलीत मावेल तेवढी हवा,
वरचे लोक हातांनी उकरत पोचेपर्यंत.
झेफेरिनो दोनदा गाडला गेला.
दुसऱ्यांदा वर आला तेव्हा टोपली काढू देईना.
रात्री जेवायला बसला तोही तसाच.
आई म्हणाली, निदान सूप तरी.
तेव्हा एक बाजू जराशी वर केली.

शेजारच्या प्लॉटवर आता पोहायचा तलाव होतोय.
परवा जेसीबीच्या दातांत एक मूळ आलं, मनगटाएवढं,
कुंपणाच्या त्या बाजूचं की या, ठरेना.
इंजिनियर वाल्देमार टोपी हातात घेऊन आला.
बाईंनी त्याला पेला दिला.
तो प्यायला, खोकला,
आणि तलाव दीड हात पलीकडे सरकवून गेला.
दीड हातच, बाई म्हणाल्या. चांगला मुलगा आहे.

मग माझ्यासाठी बूच निघालं.
रामिश्कु, सतरा वर्षांची.
कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडली.
अजून लहान आहे, बाई म्हणाल्या,
स्वतः एक्क्याऐंशीच्या.

चेरी कुठेच नव्हती.

भिंतीवरच्या खिळ्याला ती टोपली होती.
घालू का, मी विचारलं.
आत अंधार, वेताचा जुना वास,
कुणाच्या तरी केसांचं तेल, खारट काहीतरी,
आणि माझाच श्वास परत येऊन गालावर.
पेला मी हळूच आत घेतला.

बाहेर बाई मोठ्याने आकडे मोजत होत्या.
वडिलांच्या वेळी आई दोनशे दहापर्यंत पोचली होती.

मी चाळीसला बाहेर आले.